हेलियम गोठतो, पण नुसत्या थंडीने नाही

फुग्यातला हेलियम सगळ्यांच्या ओळखीचा. तो थंड केल्यावर काय होतं, याचा अंदाज मात्र आपण पाण्यावरून बांधतो: वाफेचं पाणी, पाण्याचा बर्फ. बाकीचे निष्क्रिय वायू हाच क्रम पाळतात. हेलियम पाळत नाही.

गैरसमज : निष्क्रिय वायू कशाशी संयोग पावत नाहीत, म्हणजे ते द्रवरूपही होत नसणार.

वस्तुस्थिती : संयोग ही रासायनिक बाब आहे. द्रव व्हायला अणूंमधलं क्षीण भौतिक आकर्षण पुरतं. हवेच्या नेहमीच्या दाबाला आरगॉन उणे १८६ अंश सेल्सिअसला द्रव होतो आणि उणे १८९ अंशांना गोठतो. हेलियमच्या अणूंमधलं आकर्षण या कुळात सर्वांत दुबळं, त्यामुळे त्याला उणे २६९ अंशांपर्यंत, म्हणजे ४.२ केल्विनपर्यंत, उतरवावं लागतं.

गैरसमज : भरपूर दाब दिला की कोणताही वायू द्रव होतो.

वस्तुस्थिती : स्वयंपाकाचा गॅस दाबाने द्रव होतो, म्हणून असं वाटतं. फुगेवाल्याच्या सिलिंडरमध्ये मात्र दाबलेला वायूच असतो. हेलियमचं क्रांतिक तापमान ५.२ केल्विन आहे. त्याच्या वर कितीही दाबलं तरी तो द्रव होत नाही. म्हणून नेदरलँड्समधल्या लायडन इथे हाइके कामरलिंग ओनेस यांनी आधी द्रव हवा, मग द्रव हायड्रोजन वापरून तो थंड केला. १० जुलै १९०८ रोजी तापमापकाचा आकडा एका जागी अडून बसला, तरी भांड्यात काहीच दिसेना. एका सहकाऱ्याच्या सूचनेवरून खालून उजेड टाकला, तेव्हा कळलं की भांडं जवळजवळ भरलं आहे. द्रव इतका पारदर्शक होता की त्याचा पृष्ठभागच नजरेला सापडत नव्हता.

गैरसमज : आणखी थंड केलं की तो आपोआप गोठतो.

वस्तुस्थिती : ओनेस एक केल्विनच्याही खाली पोहोचले, पण हेलियम गोठला नाही. इतके हलके अणू निरपेक्ष शून्यापाशीही स्थिर होत नाहीत. पुंजभौतिकीनुसार त्यांच्यात थोडी हालचाल उरतेच, आणि दुबळं आकर्षण तिला आवरू शकत नाही. त्यासाठी बाहेरून सुमारे २५ वातावरणांचा दाब लागतो. विलेम केसोम यांनी १९२६ मध्ये लायडनलाच असा दाब देऊन हेलियम घनरूप केला. त्याच वर्षी, त्याआधी काही महिने, ओनेस यांचं निधन झालं होतं.

गैरसमज : द्रव झाल्यावर त्याच्यात पुढे काही बदलत नाही.

वस्तुस्थिती : पंपाने दाब कमी करत गेलं की द्रव हेलियम खदखदत थंड होतो. २.१७ केल्विनला ही खदखद एकाएकी थांबते. बुडबुडे नाहीत, खळबळ नाही. बाष्पीभवन मात्र पृष्ठभागावरून चालूच असतं. या अवस्थेत उष्णता इतक्या झपाट्याने पसरते की बुडबुडा धरायला एखादी जागा वेगळी तापतच नाही. हाच अतिप्रवाही हेलियम. तो अतिसूक्ष्म फटींतून विनाघर्षण वाहतो आणि भांड्याच्या भिंतीवर पातळ थर होऊन चढतो. पीटर कापिट्झा यांनी मॉस्कोत, तर जॉन ॲलन व डॉन मायसेनर यांनी केंब्रिजमध्ये केलेले यावरचे प्रयोग १९३८ मध्ये प्रसिद्ध झाले.

गैरसमज : हे सगळं प्रयोगशाळेपुरतं.

वस्तुस्थिती : रुग्णालयातल्या अनेक एमआरआय यंत्रांचं अतिवाहक चुंबक द्रव हेलियममध्ये बुडवलेलं असतं. एक लिटर द्रवापासून सातशेहून अधिक लिटर वायू होतो. बिघाड होऊन द्रव अचानक उकळला, तर हा वायू खोलीतली हवा ढकलून देईल आणि आतल्यांना श्वास घेणं अवघड होईल. म्हणून यंत्राची वाफ-नळी थेट इमारतीबाहेर काढलेली असते.