निबंधाच्या गुणांना वजन किती?



परवा आडसाली लागणीची पाहणी करताना एका सभासदाने आम्हांला बांधावरच गाठले. "साहेब, पोरगी इंजिनिअर झाली. अमेरिकेत एम.एस.ला जायचं म्हणतीय. जी.आर.ई.त गणित झकास, पण निबंधात 6 पैकी 3च. आता वीस हजारांवर फी भरून परत बसवायची का?" पैसा उसाच्या बिलातला, प्रश्न रास्त. आम्ही पडलो शेतीचे डिप्लोमावाले. म्हणून माहिती काढूनच उत्तर दिले. ते सर्वांच्या उपयोगी पडावे.

या परीक्षेत इंग्रजी व गणिताला प्रत्येकी 130 ते 170 गुण असतात. लेखनाला 0 ते 6, अर्ध्या गुणाच्या पायरीने. पूर्वी दोन निबंध असत. सप्टेंबर 2023 पासून एकच, अर्ध्या तासाचा. लेखनाचे गुण वेगळे दाखवतात, बेरजेत धरत नाहीत.

मग कॉलेजे त्याला वजन किती देतात? सरसकट नियम नाही. इतिहास, साहित्य अशा विषयांत लेखन बारकाईने पाहतात. इंजिनिअरिंगला आधी गणित. काही विभाग लेखनाचे किमान गुण ठरवून देतात. 2020 नंतर तर अनेक विभागांनी ही परीक्षाच ऐच्छिक केली किंवा काढून टाकली.

पदवी प्रवेशाच्या एस.ए.टी. परीक्षेत 2005 साली निबंध सक्तीचा झाला. एम.आय.टी.चे लेस पेरेलमन यांनी नमुने तपासले, तर निबंध जितका लांब तितके गुण जास्त! आपण नुसती उसाची उंची बघून तोड देत नाही, ब्रिक्स बघतो. पुढे 2016 मध्ये तो निबंध ऐच्छिक झाला आणि 2021 मध्ये सर्वसाधारण परीक्षेतून गेलाच.

सबब आम्ही सांगितले, की आधी प्रत्येक विभागाचे नियम वाचा. किमान गुणांची अट असेल आणि ते कमी पडत असतील, तरच परत फी भरा. नाहीतर तोच वेळ अर्जासोबतच्या हेतुपत्राला द्या.

मुलीने पाच ठिकाणचे नियम काढले. दोन ठिकाणी परीक्षाच नको, दोन ठिकाणी लेखनाची अट नाही, एका ठिकाणी साडेतीन हवेत. त्या एकासाठी वीस हजार घालायचे का, हे आता बापलेक मिळून ठरवतील. निदान डोळे झाकून पैसे जाणार नाहीत.

— ऊस विकास अधिकारी