सणाच्या भेटीसाठी चीजची तिखटमिठाची बिस्किटे

सणासुदीस आप्तेष्टांकडे खाद्यपदार्थ पाठविण्याची रीत भारतात सर्वत्र आढळते. दिवाळीत फराळाची ताटे घरोघर फिरतात. नाताळात गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबे ‘कुस्वार’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पदार्थांची देवघेव करतात. चीजची तिखटमिठाची बिस्किटेही अशा भेटीस योग्य ठरतात. मात्र भेटीच्या खाऊची जबाबदारी घरच्या खाऊपेक्षा अधिक असते. पदार्थ केव्हा केला व कसा ठेवला, हे करणाऱ्यास माहीत असते; ज्याच्या घरी तो जातो त्यास ते ठाऊक नसते. म्हणून तो पदार्थ आपल्या गुणानेच टिकणारा हवा.

पदार्थाचे टिकणे मुख्यतः त्यातील पाण्यावर अवलंबून असते. येथे पाण्याच्या केवळ वजनापेक्षा, सूक्ष्मजीवांना ते किती उपलब्ध आहे, यास अधिक महत्त्व आहे. ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ विल्यम जेम्स स्कॉट यांनी १९५३ साली जीवाणूंच्या वाढीचा या उपलब्धतेशी असलेला संबंध दाखवून दिला. या मापास ‘जलसक्रियता’ म्हणतात. शुद्ध पाण्याची जलसक्रियता १ धरली, तर चेडर चीजची सुमारे ०.९५ भरते. ०.६० च्या खाली कोणताही जीवाणू वा बुरशी वाढू शकत नाही. कुरकुरीत बिस्किटाची जलसक्रियता या मर्यादेच्या बरीच खाली असते. शेव व चकली टिकतात त्याचेही कारण हेच होय.

बिस्किटांसाठी १५० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम लोणी आणि १०० ग्रॅम किसलेले चेडर चीज घ्यावे. चवीपुरते लाल तिखट व मोहरीची पूड घालावी. चीज व लोणी खारट असल्यास निराळे मीठ लागत नाही. थंड लोणी मैद्यास चोळल्याने पिठाच्या कणांवर स्निग्ध आवरण बसते. त्यामुळे पिठातील प्रथिनांचे चिवट जाळे नीट तयार होत नाही व बिस्किट खुसखुशीत होते. चकलीच्या पिठात मोहन घालतात, ते याच हेतूने.

या ३५० ग्रॅम मिश्रणात वरून पाणी न घालताही सुमारे ७० ग्रॅम, म्हणजे एक पंचमांश, पाणी असते. ते भट्टीत उडून जावयास हवे. म्हणून गोळ्याची सुरळी करून थंड करावी, तिच्या ५ मिलिमीटर जाडीच्या चकत्या कापाव्यात आणि १८०° सेल्सिअस तापमानास १२ ते १५ मिनिटे भाजाव्यात. जाड चकतीच्या मध्यभागी पाणी राहते. तेच पुढे कडांकडे पसरून सर्व बिस्किट नरम करते.

भाजलेल्या बिस्किटास दोन शत्रू उरतात. पहिला दमट हवा. मुंबई वा चेन्नईसारख्या किनारपट्टीच्या शहरी उघडे बिस्किट लवकर सादळते. दुसरा ऑक्सिजन. त्याच्या संयोगाने लोण्यातील स्निग्धांश खवट होतो, आणि प्रकाशाने ही क्रिया वेगावते. यास्तव काचेच्या बरणीपेक्षा घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा बरा. बिस्किटे पूर्ण निवल्यावाचून मात्र डबा बंद करू नये. अन्यथा आतील वाफेचे पाणी होऊन सारे श्रम वाया जातात.

आगाऊ तयारी करावयाची असल्यास कच्ची सुरळी नीट गुंडाळून उणे १८° सेल्सिअस तापमानास ठेवावी; ती दोन महिने चांगली राहते. भेट देण्याच्या आदल्या दिवशी बिस्किटे भाजावीत आणि ती आठवड्याभरात संपवावीत.

मऊ चीजला हा नियम लागू पडत नाही. पनीर किंवा मऊ चीज लसूण व ओल्या मसाल्यांसह तेलात बुडवून दिलेली बरणी दिसावयास सुंदर असते. पण तेल हवा अडविते, पाणी काढून घेत नाही. अशा निर्वात, ओल्या व अल्प आम्ल जागी ‘क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम’ हा जीवाणू वाढून पक्षाघात करणारे विष निर्माण करू शकतो. वास वा चव यांवरून ते विष ओळखता येत नाही. १९८५ साली कॅनडातील व्हँकुव्हर येथे एका उपाहारगृहातील तेलात ठेवलेल्या लसणामुळे ३६ जणांना या विषाची बाधा झाली होती. असे पदार्थ ताजे करून शीतकपाटातच ठेवावेत. टपालाने वा प्रवासात पाठवू नयेत.

शेवटी, डब्यावर बिस्किटे भाजल्याची तारीख आणि गहू व दूध हे घटक ठळकपणे लिहावेत, कारण कित्येकांना हे पदार्थ सोसत नाहीत. काही चीज वासराच्या जठरातील रेनेट वापरून केलेले असते. शाकाहारी घरी भेट देताना चीजच्या वेष्टनावरील हिरवी खूण पाहून घ्यावी. एवढी काळजी घेतली, की घेणारा निःशंक मनाने डबा उघडू शकतो.