दस्तऐवजातील हरवलेली छायाचित्रे

नागपुरातील हिवाळी अधिवेशन जवळ आले की तालुक्यांकडून माहितीचा ओघ वाढतो. अशाच धांदलीत एका ग्रामपंचायतीने पावसाने खचलेल्या शाळेच्या भिंतीची चार छायाचित्रे घालून दुरुस्तीचा प्रस्ताव संगणकावरून पाठविला. वरिष्ठ कार्यालयात तो उघडला तेव्हा छायाचित्रांच्या जागी तांबडी फुली असलेल्या चार रिकाम्या चौकटी दिसल्या. प्रस्ताव अपूर्ण म्हणून परत गेला. पंचायतीच्या संगणकावर मात्र चारही छायाचित्रे व्यवस्थित दिसत होती!

याचा उलगडा सोपा आहे. टिपणीस सहपत्र जोडणे निराळे आणि ‘कागद अमुक कपाटात आहे’ असे लिहिणे निराळे. ‘वर्ड’मध्ये छायाचित्र घालताना ‘इन्सर्ट’ निवडल्यास ते दस्तऐवजातच साठविले जाते. ‘लिंक टू फाइल’ निवडल्यास केवळ त्याचा पत्ता नोंदला जातो. फाइल दुसऱ्या संगणकावर गेली, अथवा मूळ छायाचित्राचे नाव वा फोल्डर बदलले, की तो पत्ता निरुपयोगी ठरतो. या पंचायतीचे नेमके तेच झाले होते. ज्या संगणकावर छायाचित्रे दिसतात तेथेच ‘फाइल’मधील ‘इन्फो’ या पानावर ‘एडिट लिंक्स टू फाइल्स’ उघडून ‘सेव्ह पिक्चर इन डॉक्युमेंट’ या चौकटीत खूण करावी व दस्तऐवज पुन्हा जतन करावा.

छायाचित्र आत आहे की नाही, हे ताडून पाहण्याची एक खात्रीची कसोटी आहे. ‘डॉकएक्स’ प्रकारची फाइल हे वस्तुतः एक गाठोडेच असते. तिची नक्कल करून नावाअखेरचे ‘डॉकएक्स’ बदलून ‘झिप’ करावे आणि ती उघडावी. आतील ‘वर्ड’ फोल्डरमध्ये ‘मीडिया’ नावाचा कप्पा असतो; साठविलेली छायाचित्रे तेथे आढळतात. जुन्या ‘डॉक’ फाइलींना ही कसोटी लागू नाही.

छायाचित्र आत असूनही दिसत नसेल, तर दोष मांडणीचा समजावा. पुष्कळदा परिच्छेदातील ओळींचे अंतर ‘एक्झॅक्टली’ असे बांधलेले असते आणि छायाचित्राची केवळ एक पट्टी दिसते. ते ‘सिंगल’ करताच चित्र पूर्ण उमटते. ‘ड्राफ्ट’ दृश्यात काही चित्रे दिसतच नाहीत, तेव्हा ‘प्रिंट लेआउट’ निवडावे. पर्यायांतील ‘शो पिक्चर प्लेसहोल्डर्स’ चुकून सुरू राहिले असल्यासही नुसत्या चौकटी दिसतात.

प्रस्तावासोबत त्याची ‘पीडीएफ’ प्रतही पाठवावी. मात्र ती ज्या संगणकावर छायाचित्रे दिसत आहेत तेथेच तयार करावी.