पहिली गाडी जुनी घेताना

अँबॅसडर आणि प्रीमियर पद्मिनी यांखेरीज फारशी निवड नव्हती, त्या काळी मोटारीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. १९८३ साली मारुती ८०० रस्त्यावर आली आणि मध्यम स्थितीतील कुटुंबालाही मोटार आवाक्यात वाटू लागली. आज आपल्या पेठेतील अनेक तरुण सभासद पहिली गाडी घेण्याच्या विचारात असतात, आणि ती वापरलेली घ्यावी असा त्यांचा कल असतो. हा कल योग्यच आहे. शिकाऊ हाताकडून ओरखडे पडणारच. शिवाय नव्या गाडीचे मूल्य पहिल्या तीन-चार वर्षांत सर्वांत वेगाने घसरते, आणि ती घसरण पहिल्या मालकाने सोसलेली असते.

परंतु जो व्यापारी गुळाचा रवा फोडून पाहिल्याशिवाय किंवा कापडाचा ताका उलगडल्याशिवाय सौदा करीत नाही, तोच गाडी मात्र रंगाची चकाकी पाहून घेतो, याचे आम्हांस आश्चर्य वाटते. गाडी हाही मालच आहे. गरज ठरवावी, माल पारखावा आणि कागद पक्के करावेत, या पेढीवरच्या तीन नियमांपलीकडे तिच्या खरेदीत वेगळे असे काही नाही.

गरज आधी, गाडी नंतर

वर्षातील ३६५ दिवसांपैकी सव्वातीनशेहून अधिक दिवस आपली गाडी घर, दुकान, शाळा आणि मंदिर एवढ्याच फेऱ्या करणार. बेळगावातील गणपत गल्ली किंवा खडेबाजार यांसारख्या ठिकाणी गाडी चालविण्यापेक्षा ती उभी करणे अधिक कठीण. यास्तव चार मीटरांहून कमी लांबीची गाडी उत्तम. उरलेल्या दिवसांत स्तवनिधी, कुंभोज-बाहुबली, क्वचित चोर्ला घाटाने गोवा, एवढा प्रवास घडतो. चार माणसे, सामान आणि वातानुकूलन यांसह घाट चढताना एक लिटरहून लहान इंजिनाला धाप लागते. सुमारे १,२०० घनसेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन दोन्ही कामांस पुरते. श्रवणबेळगोळच्या यात्रेस दहा माणसे निघाली, तर तेवढ्यापुरती मोठी गाडी भाड्याने घ्यावी. वर्षातून एकदा लागणाऱ्या जागेसाठी वर्षभर मोठे इंजिन पोसणे हा आतबट्ट्याचा व्यवहार होय. परिग्रहाचे परिमाण करावे असे आपल्याला लहानपणापासून सांगितले जाते. ते येथे खिशालाही मानवते.

इंधनाविषयीही थोडे स्पष्ट सांगणे भाग आहे. डिझेल स्वस्त पडते म्हणून जुनी डिझेल गाडी घेण्याचा मोह होतो. परंतु १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकांच्या डिझेल गाड्यांत धुरातील काजळी अडविणारी गाळणी असते. ती काजळी जाळण्यास धूर पुरेसा तापावा लागतो, आणि दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत तो तापत नाही. गाळणी तुंबते व दुरुस्तीचा खर्च मोठा येतो. शहरात फिरणाऱ्यास पेट्रोल बरे. सीएनजीचा संच बाहेरून बसविलेला असेल, तर त्याची नोंद आरसी पुस्तकात आहे काय आणि सिलिंडरची तीन वर्षांनी होणारी चाचणी झाली आहे काय, हे पाहावे. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेले असते. एप्रिल २०२३ पूर्वीच्या गाडीच्या बाबतीत कंपनीच्या पुस्तिकेत त्याविषयी काय लिहिले आहे ते वाचावे, व इंधनाच्या रबरी नळ्या तपासून घ्याव्यात.

वर्ष कोणते निवडावे? १ एप्रिल २०१९ नंतर विकल्या गेलेल्या सर्व नव्या मोटारींना चाके जखडू न देणारी ब्रेकयोजना, म्हणजे एबीएस, सक्तीची झाली. पावसाळी घाटात हिचे मोल कळते. म्हणून त्यानंतरची, दोन्ही पुढच्या आसनांस एअरबॅग असलेली आणि शक्यतो एकाच मालकाच्या हातची गाडी पाहावी.

किंमत आणि खर्च

विक्रेता सांगतो ती किंमत, आणि गाडी दारात उभी राहून निर्धास्त चालू लागेपर्यंत होतो तो खर्च. या दोहोंत अंतर असते. नाव चढविणे, विमा, टायर, बॅटरी, तेलबदल यांसाठी ठरविलेल्या रकमेचा सहावा हिस्सा तरी बाजूला ठेवावा, आणि उरलेल्या रकमेतच गाडी शोधावी. दुसरी गोष्ट अशी की, २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला व त्यावरील उपकर गेला. नव्या गाडीची किंमत उतरली, म्हणजे जुनीचीही उतरली पाहिजे. त्यापूर्वीचे भाव सांगणाऱ्या विक्रेत्यास नव्या गाडीचा आजचा भाव दाखवावा.

मालाची पारख

गाडी दिवसाउजेडी, पाऊस नसताना आणि इंजिन थंड असताना पाहावी. आपण पोहोचण्यापूर्वीच बॉनेट गरम असेल, तर सकाळी सुरू होण्यातील दोष लपविण्यासाठी इंजिन तापवून ठेवले असावे अशी शंका घ्यावी. इंजिन सुरू होताच सायलेन्सरकडे पाहावे. निळसर धूर म्हणजे तेल जळत आहे. काळा म्हणजे इंधन जास्त जात आहे. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबला नाही, तर इंजिन थंड ठेवणारे पाणी आत शिरत असण्याचा संभव असतो.

किलोमीटरच्या आकड्यावर एकट्यावर विश्वास ठेवू नये. आकडा तीस हजार, पण ब्रेक-क्लचच्या पेडलांचे रबर गुळगुळीत आणि स्टिअरिंगची कातडी झिजलेली, हे जुळत नाही. सर्व्हिसच्या नोंदी मागून प्रत्येक वेळचा आकडा ताडून पाहावा. टायरच्या कडेवर चार अंकांचा शिक्का असतो: ३२२१ म्हणजे २०२१ सालचा बत्तिसावा आठवडा. त्यावरून टायरचे वय कळते. कमी चाललेल्या म्हणून सांगितलेल्या गाडीचे चारही टायर नवे असतील, तर कारण विचारावे.

अपघाताच्या खुणा रंगाखाली दडविता येतात, बोल्टवर दडविणे कठीण. बॉनेटच्या व दारांच्या बिजागरांवरील बोल्टचा रंग उडाला असेल, तर ते भाग काढून बसविलेले आहेत. कापडात गुंडाळलेले लहान लोहचुंबक पत्र्यावर फिरवावे; पुट्टी जाड असेल तेथे ते नीट चिकटत नाही.

आपल्या भागात पुराची गाडी ओळखता येणे अगत्याचे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये कृष्णा-पंचगंगेच्या पुराने सांगली, कोल्हापूर आणि निपाणी-चिक्कोडीच्या पट्ट्यात मोठे नुकसान केले. पुरात बुडालेली गाडी धुऊन-पुसून दूरच्या गावी विकली जाऊ शकते. पुढचा सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढावा; शेवटच्या वीतभर पट्ट्यावर गाळाची रेषा बहुधा तशीच राहते. आसनाखालच्या पट्ट्यांवरील गंज, डिकीतील जादा चाकाखालची माती आणि कुबट वासावर उतारा म्हणून मारलेले अत्तर, हे इतर साक्षीदार. अशी गाडी कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये, कारण तिच्या विजेच्या तारांतील दोष वर्षभराने, तोही भर प्रवासात, डोके वर काढतो.

शेवटी अर्धा तास स्वतः चालवावी आणि मग आपल्या विश्वासातल्या मेकॅनिककडे न्यावी. विक्रेत्याच्या मेकॅनिककडे नव्हे.

कागद पक्के करणे

आरसी पुस्तकातील इंजिन क्रमांक व चासी क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी स्वतः ताडून पाहावेत. गाडीवर कर्ज असेल, तर बँकेचा ना-हरकत दाखला आणि नमुना ३५ घेऊन ती नोंद काढवून घ्यावी. थकलेले दंड परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर दिसतात. ते विक्रेत्याने फेडल्यावरच रक्कम द्यावी. मालकीबदलासाठी नमुना २९ व नमुना ३० भरावे लागतात. विकणाऱ्याने राज्यांतर्गत विक्री १४ दिवसांत कळवावयाची असते, आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करावयाचा असतो.

हे काम ‘ओळखीचाच माणूस आहे’ म्हणून लांबणीवर टाकले जाते, आणि त्यातच खरा धोका आहे. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, गाडी प्रत्यक्षात कितीही हात बदलून गेली असली, तरी परिवहन कार्यालयात ज्याचे नाव मालक म्हणून आहे, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. म्हणजे नाव न चढविण्याने विकणाराच अधिक अडकतो. विम्याचेही नाव १४ दिवसांत बदलून घ्यावे. अन्यथा तिऱ्हाइताची भरपाई झाली तरी स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारला जाण्याचे भय असते. जुन्या मालकाचा नो-क्लेम बोनस त्याचाच राहतो. तो गाडीबरोबर येत नाही.

सीमाभागातील सभासदांस आणखी एक सूचना. कोल्हापूरची एमएच-०९ किंवा गोव्याची गाडी स्वस्त दिसते. परंतु ती बेळगावच्या पत्त्यावर आणावयाची, तर तेथील कार्यालयाचा नमुना २८ वरील ना-हरकत दाखला लागतो आणि गाडीच्या वयाप्रमाणे कर्नाटकाचा आजीवन कर नव्याने भरावा लागतो. पूर्वीच्या राज्यात भरलेल्या कराचा परतावा आपोआप येत नाही. तो मागावा लागतो. परराज्याच्या क्रमांकावर गाडी १२ महिन्यांहून अधिक काळ ठेवता येत नाही. म्हणून हा कर किमतीत मिळवूनच स्वस्त-महाग ठरवावे. केए-२२ ची किंचित महाग गाडी पुष्कळदा अखेरीस स्वस्त पडते.

विकणाऱ्याचे कर्तव्य

आपल्यापैकी जे आज घेतात, ते चार-सहा वर्षांनी विकणारही आहेत. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत हीनाधिक मानोन्मान, म्हणजे खोटी वजने-मापे, आणि प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे हलका माल चांगला म्हणून देणे, ही दोन नावे येतात. किलोमीटरचा आकडा मागे फिरविणे हे पहिले, आणि पुराची गाडी चकचकीत करून विकणे हे दुसरे, यात आम्हांस संशय वाटत नाही. दुकानातील तराजूवर ज्याचा विश्वास आहे, त्याच्या गाडीवरही ग्राहकाचा विश्वास बसावा. ज्या नोंदणीकृत सभासदांनी गाडी धंद्याच्या नावे ठेवून घसारा घेतला आहे, त्यांनी हेही लक्षात ठेवावे की, विक्रीची किंमत घसारा वजा जाता उरलेल्या मूल्याहून जास्त आली, तर त्या फरकावर १८ टक्के जीएसटी द्यावा लागतो.

तात्पर्य, लहान, पेट्रोलवरची, २०१९ नंतरची, नोंदी पूर्ण असलेली आणि शक्यतो आपल्याच जिल्ह्यात नोंदलेली गाडी पहिल्या खरेदीस सर्वांत सोयीची. ती मिळण्यास दोन महिने लागले तरी हरकत नाही. घाई बहुधा विक्रेत्याला असते. घेणाऱ्याला ती असण्याचे कारण नाही.