वाटी कोण सरकवतं?

पाटावर खडूने काढलेली मुळाक्षरं, मधोमध उपडी वाटी आणि तिच्यावर टेकवलेली दोघातिघांची बोटं. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत आणि वसतिगृहांत प्लँचेट असं झालेलं आहे. वाटी खरोखर सरकते, अक्षरं जुळतात, नाव तयार होतं आणि बसलेला प्रत्येक जण शपथेवर सांगतो, ‘मी ढकलली नाही.’ या शपथेवर विश्वास ठेवूनच प्लँचेटचा विचार सुरू करायला हवा. तिथे बसलेले बहुतेक लोक खरंच लबाडी करत नसतात.

इंग्रज शास्त्रज्ञ मायकेल फॅरडेने हेच केलं. १८५३ साली इंग्लंडात टेबलं फिरवण्याचं वेड शिगेला पोचलं होतं. मंडळी टेबलावर हात टेकवून बसत आणि टेबल चालू लागे. कुणी म्हणे वीज, कुणी म्हणे मृतात्मे. फॅरडेने प्रामाणिक माणसं निवडली आणि त्यांच्या हातांखाली पुठ्ठ्यांची चळत ठेवली. पुठ्ठे एकमेकांवर किंचित घसरू शकतील अशा मऊ, चिकट गोळ्यांनी जोडलेले होते. टेबल आधी हललं असतं, तर वरचा पुठ्ठा मागे राहिला असता. प्रत्यक्षात तोच पुढे सरकलेला आढळला. हात पुढे होते, टेबल त्यांच्यामागून आलं होतं. मग हातांची ओढ दाखवणारा एक हलका काटा त्याने बसवला. तो काटा बसणाऱ्यांना दिसू लागताच टेबल थांबलं.

त्याच्या आदल्याच वर्षी शरीरशास्त्रज्ञ विल्यम कार्पेंटरने या क्रियेला ‘आयडिओमोटर’ हे नाव दिलं होतं. मनात अपेक्षा जागी झाली की स्नायू नकळत तिच्या दिशेने हलतात. १८९१ मध्ये अमेरिकेत अक्षरं छापलेल्या उईजा बोर्डाचं पेटंट मिळालं आणि दुकानात विकत मिळणारा हा खेळ याच नकळत हालचालीवर चालला.

२०१२ साली कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखवली. प्रयोगात भाग घेणाऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधली, की जोडीदार गुपचूप हात काढून घेई. बोर्ड मात्र उत्तरं देतच राही. ‘हो-नाही’च्या ज्या प्रश्नांवर माणूस केवळ अंदाज बांधत होता, तिथे तोंडी उत्तरं सुमारे ५० टक्के बरोबर येत आणि बोर्डावर सुमारे ६५ टक्के. आपल्याला आठवत नाही असं वाटणारं काहीतरी हाताला ठाऊक असतं. बोर्डाने सांगितलेली गोष्ट कधीकधी खरी का निघते, याचं एक उत्तर इथे मिळतं.

पण माणसं बोर्डापाशी जातात ती बहुधा दुःखाने. रवींद्रनाथ ठाकूरांनी १९०२ ते १९१८ या काळात पत्नी मृणालिनी आणि रेणुका, शमींद्र, बेला ही तीन मुलं गमावली. १९२९च्या अखेरीस ते एका तरुण कवयित्रीला माध्यम करून प्रश्न विचारत आणि तिच्या हातून उत्तरं लिहिली जात. या ओढीला हसण्याचा अधिकार कुणालाही नाही. गेलेल्या माणसाचं बोलणं आपल्या आत इतकं मुरलेलं असतं, की हात त्याच्याच शब्दांत लिहू शकतो.

धोका सुरू होतो तो उत्तरात तिसऱ्याच माणसाचं नाव आल्यावर. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. त्यांच्या खुनाच्या तपासात पोलिसांनी प्लँचेटचा आधार घेतल्याचा आरोप २०१४ मध्ये एका साप्ताहिकाने केला; तत्कालीन पोलीस आयुक्तांनी तो फेटाळला. त्या वादाचा निवाडा हा लेख करू शकत नाही. मात्र अशी वाट कुणीही कधीही धरली, तर काय होईल हे फॅरडेच्या पुठ्ठ्यांनी सांगून ठेवलं आहे. विचारणाऱ्याच्या मनात ज्याच्याबद्दल संशय, त्याचंच नाव बोर्डावर येईल आणि तोच संशय मृताची साक्ष बनून परत येईल. त्या साक्षीची उलटतपासणी कोण घेणार?

म्हणून कसोटी हवी आणि ती घरातही घेता येते. बसणाऱ्यांचे डोळे बांधा, त्यांच्या नकळत पाट फिरवा आणि वाटी कुठे जाते ते नोंदवा. तिथल्या कुणालाही ठाऊक नसलेली, पण नंतर पडताळता येईल अशी एखादी गोष्ट विचारा. शपथ घेणाऱ्याचा मान राखावा. पण कुणावर आळ घेण्यापूर्वी पुरावाच मागावा.