सैल झालेले सुरीचे म्यान

सुरीचे प्लॅस्टिकचे म्यान सैल होते ते बहुधा तोंडाशी. पाते सतत आत-बाहेर होऊन त्याला धरणारी कड झिजते किंवा उन्हात तापून फाकते. लोहगडवाडीहून गड चढणाऱ्याच्या पाठपिशवीत असे म्यान खरोखर धोक्याचे. ओल्या पायऱ्यांवर पाय घसरला, की पाते बाहेर येते.

म्यान दोन भागांचे असेल तर आधी स्क्रू आवळावेत. पुष्कळदा दुखणे तेवढेच असते. अखंड म्यान धुऊन वाळवावे, तोंडाची आतली कड पॉलिश पेपरने घासावी आणि सायकलच्या जुन्या ट्यूबची पातळ पट्टी चपलांना लावतात त्या रबरी गोंदाने चिकटवावी. पट्टी पात्याच्या सपाट अंगाला हवी. धारेकडे लावली तर ती कापली जाते. पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकवर गोंद टिकत नाही. तिथे बारीक भोके पाडून पट्टी नायलॉनच्या दोऱ्याने शिवावी. कातड्याची पट्टी टाळलेली बरी, कारण मावळच्या पावसात ती ओल धरते आणि पाते गंजते.

म्यान गॅसवर तापवून दाबू नये. पॉलिप्रॉपिलीन सुमारे १६० अंश सेल्सिअसला वितळते आणि त्याआधीच वेडेवाकडे होते.

गोंद पुरता वाळल्यावर सुरी आत घालून म्यान टेबलाच्या अगदी जवळ उलटे धरावे आणि हलकेच हलवावे. पाते सरकले, तर दुसरी पट्टी लावावी. तडा गेलेले म्यान मात्र बदलावेच.