मालक जनता, जाब कोणाचा?

सोलापूरची जुनी गिरणी १९४९ साली बंद पडली, तेव्हा १९५० च्या वटहुकुमाने सरकारने तिचा कारभार हाती घेतला. एका भागधारकाने दाद मागितली आणि १९५३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो वटहुकूम घटनाबाह्य ठरविला. पण जेथे भांडवलच जनतेचे, तेथे सामान्य नागरिकाने जाब कोठे मागावा? आमच्या मते, संसदेत. १९५७ साली फिरोज गांधींनी आयुर्विमा महामंडळाचा मुंध्रा व्यवहार लोकसभेत मांडला, म्हणूनच छागला आयोग नेमला गेला व १९५८ साली अर्थमंत्री कृष्णम्माचारींस पायउतार व्हावे लागले. १९६४ पासून सरकारी उपक्रमांसाठी संसदेची स्वतंत्र समिती आहे. दैनंदिन कारभार मात्र तिच्या कक्षेबाहेर. ही स्वायत्तता आम्हांसही मान्य आहे. परंतु तिच्या आडोशाला हिशेब दडता कामा नये.